खुशालभाऊंची खुर्ची

हर्षाने खुशालभाऊंच्या हातातली नाटकाची वही अलगद काढून घेतली आणि स्वतःच्या काखेत धरली.

“आज तुमी खाली बसाचं नाई, भाऊ.”

खुशालभाऊ मंचापुढच्या खड्ड्याकडे बघत राहिले. हार्मोनियमशेजारची ती प्रॉम्प्टरची जागा तीस वर्षं त्यांचीच होती.

“काऊन? माह्याकून गलती झाली का काई?”

“गलती नाई. समोर खुर्ची ठेवली हाय. बसून नाटक पाहा.”

“अन् गिरजाबाई विसरली त? तिले चुलीवर काय ठेवलं, थे याद राह्यत नाई.”

“विसरली त विसरली.”

ते गेले, पण चपला ओढत गेले. लहानपणी कुरखेड्यात हर्षा याच खड्ड्याच्या काठावर बसायची. वाक्य कुठे तोडायचं, दम कुठे घ्यायचा, सगळं त्यांच्याच आवाजाने तिला शिकवलेलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा नाटक बसवलं, तर उठवलं कुणाला, त्यांनाच.

पण हे जुनं विनोदी नाटक. प्रॉम्प्टरचं वाक्य आधी लोकांच्या कानावर पडायचं, मग नटाचं. विनोद दोनदा पोचायचा, आणि पहिल्यांदा कोरडाच. म्हणून यंदा नाटकात काम करणाऱ्या बायांनी धान कापता कापता वाक्यं पाठ केली होती. प्रयोगही दुपारचाच ठेवला. सगळ्यांनाच घरी जाऊन भाकरी थापायच्या होत्या.

दुसऱ्या अंकात धान्याच्या कणगीचं झाकण उघडलं आणि सासरा झालेल्या गिरजाबाईंनी डोकं बाहेर काढलं. मिशीचं एक टोक सुटून गालावर लोंबत होतं. त्या थबकल्या. सवयीने त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं. तिथे नुसती हार्मोनियम.

विंगेत हर्षाने वही उघडली. वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात गिरजाबाईंची नजर पहिल्या रांगेकडे वळली.

खुशालभाऊ खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांनी तोंड उघडलं, पण वाक्याच्या जागी हसूच फुटलं. ते मटकन बसले, मांडीवर थापा मारू लागले, डोळ्यांतून पाणी. त्यांना पाहून शेजारची गुणाबाई हसली, मग तिच्यामागची रांग, मग सगळं मैदान.

हर्षाने वही मिटली.

गिरजाबाई हसू ओसरेपर्यंत थांबल्या, तालमीत सांगितलं होतं तशाच. मग फुंकर मारून मिशी उडवली आणि वाक्य नेमकं टाकलं.

प्रयोगानंतर खुशालभाऊ दुपट्ट्याने डोळे पुसत विंगेत आले.

“बाई, हे सारं यात लिहून होतं?”

“तुमीच त वाचत होते तीस वर्सं.”

“वाचत होतो. मान वर कुठी केली कधी?”

हर्षाने दोन्ही हातांनी वही त्यांच्यापुढे धरली.

खुशालभाऊंनी कणगीच्या प्रसंगाचं पान काढलं आणि वाक्यांवरून बोट फिरवत गेले. मिशीबद्दल तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पान उलटून मागेही पाहिलं.