विंडो जागच्या जागी

आमच्या घरात मॉनिटर दोन आणि कॉम्प्युटरही दोन, एक बाबांचा लॅपटॉप, एक माझा. सकाळी बाबा घरूनच, गोदामावर कुठली गाडी कुठल्या गेटला लावायची ते ड्रायव्हरांना कळवतात. दुपारी त्याच टेबलावर मी पुस्तकांच्या पानांची मांडणी करते. मध्ये स्विच आहे. त्याचं बटण दाबलं की दोन्ही मॉनिटर माझ्याकडे येतात आणि बाबांच्या कॉम्प्युटरला वाटतं, मॉनिटर गेलेच. मग त्यांच्या सगळ्या विंडो लॅपटॉपच्या चिमुकल्या पडद्यावर एकीवर एक चढून बसतात. परत बटण दाबलं तरी आपल्या जागेवर जायचं नाव नाही.

त्यावरून रोज सकाळी माझं डोकं खाणं. "तुझ्या बटणानं परत घोळ केला बघ." गाडी चुकीच्या गेटला गेली की बाबा त्यांच्या साहेबांनाही हेच ऐकवायचे. माझे कान किटले होते.

शेवटी वैतागून मी अंगठ्याएवढे दोन जोड आणले. केबल आणि कॉम्प्युटरच्या मध्ये ते लावले की मॉनिटर काढून घेतला तरी कॉम्प्युटरला पत्ता लागत नाही. बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. एकही विंडो हलली नाही.

"आता बोला," मी म्हणाले.

बाबा उठून आत निघून गेले. मला रागच आला. एवढा खटाटोप केला, त्याचं कौतुक तर दूरच.

त्याच आठवड्यात परत एक गाडी भलत्याच गेटला गेली. साहेबांचा फोन आला तेव्हा मी टेबलाशीच होते. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला होता.

"परत मुलीनं मॉनिटर घेतले का?" साहेब कंटाळलेल्या आवाजात म्हणाले. "मलाही वर उत्तर द्यावं लागतं हो. असंच चाललं तर तुमच्या जागी दुसरं कुणीतरी बसवावं लागेल."

बाबा माझ्याकडे वळले. म्हणजे मी उभी होते त्याच्या जरा बाजूला, कपाटाकडे. मी पडद्यावर पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. गेट तीन, असं इंग्रजी आकड्यात स्पष्ट लिहिलं होतं. बाबांनी आठ कळवलं होतं.

इतके दिवस मी ज्यांच्याशी भांडत होते त्यांना नीट दिसतच नव्हतं, आणि त्यांचं एकुलतं एक निमित्त मीच काढून घेतलं होतं.

"विंडो हलल्या म्हणून सांगू?" मी त्यांच्या कानाशी विचारलं.

त्यांनी मानेनंच नको म्हटलं. "साहेब, काही हललं नाही. मला तीन आणि आठ सारखेच दिसतात. बरेच दिवस झाले."

मग साहेब म्हणाले, "गाड्या बाहेर खोळंबल्यात. आजचं तेवढं निभावून न्या. उद्या बोलू."

उद्या काय बोलणं होणार ते आम्हा दोघांनाही कळलं. बाबांनी फोन ठेवला आणि खुर्ची थोडी सरकवून मला जागा केली.

"वाच गं," ते म्हणाले. "पहिली गाडी कुठली आहे?"

मी शेजारी बसले. पण पहिला आकडा मलाही डोळे पुसल्यावरच दिसला.