उंदरांनी खाल्लेले सूर

देवाजी मास्तरांनी पियानोचं झाकण उचललं आणि तसंच धरून उभे राहिले. पांढऱ्या पट्ट्यांवर भाताच्या खळीनं चिकटवलेली एकही चिठ्ठी शिल्लक नव्हती. उंदरांनी खळीसकट सा, रे, ग, म फस्त केलं होतं.

"धुतल्यासारखं साफ केलं ना मास्तर!" बंगल्याच्या चौकीदाराची बायको सुकरी झाडू थांबवून म्हणाली.

अहेरीच्या जंगलखात्याच्या बंगल्यात गोऱ्या साहेबाचा हा पियानो आणि तो शिकवणारं एक पुस्तक पडून होतं. नव्या साहेबांनी कळवलं होतं, वाजवणारा असेल तर पियानो शाळेला, नाहीतर बंडीत घालून चांद्याला. मास्तर बी.एस्सी. होते. त्यांनी आधी "मी वाजवतो" असं लिहून दिलं आणि मग शिकायला घेतलं. महिनाभर ते पुस्तकातल्या ठिपक्यांची नावं पट्ट्यांवर चिकटवत होते. साहेब आता तासाभरात यायचे होते. बंडीवाला लच्छू बैल जुंपून अंगणात बसलाच होता.

"नावंच गेली," मास्तर पुटपुटले.

"नाव कशाले लागते?" सुकरी पुस्तकावर वाकली. पानावरच्या पाच रेघा तिला शेताचे बांध दिसत होत्या, मधल्या जागा भाताची खाचरं. "हे पाच धुरे. मधात बांध्या. धुऱ्यावरून बांधीत उतरलं, तं बाजूची पट्टी. धुऱ्यावरून धुऱ्यावर उडी मारली, तं मधातली एक सोडाची. रोवण्याले आमी काय बांधीचं नाव पुसतो?"

मास्तरांनी चष्मा पुसला. पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर इंग्रजीत हेच लिहिलं होतं. सोपं म्हणून ते पान त्यांनी सोडलं होतं.

"पण सुरुवात कुठून?"

"थे तुमी सांगा. तुमी शिकलेले."

त्याच पानावरच्या चित्रात बाण होता. झाकणाच्या कुलपासमोरची पट्टी.

साहेब आले, खुर्चीत बसले. मास्तरांनी बोट ठेवलं. मागं सुकरी खिडकी पुसत, पुस्तकावर नजर ठेवून पुटपुटत होती, "बाजूले... बाजूले... एक सोडून वर... आता खाली..."

गाणं अर्ध्यावर आलं आणि साहेब म्हणाले, "बाई, चहा टाका."

सुकरी आत वळली. मास्तरांचं बोट अधांतरी राहिलं. एक पट्टी चुकली, दुसरी त्याहून चुकली. लच्छू दोर घेऊन दारात आला.

मास्तर उठले. "साहेब, चहा मी करतो," म्हणाले आणि स्टूल सुकरीकडे सरकवलं.

चूल फुंकता फुंकता ते ऐकत राहिले. एकाच बोटानं, ओल्या धुऱ्यावरून चालावं तसं गाणं सावकाश पुढं चाललं होतं. मध्येच थांबलं. "एक सोडून," मास्तर चहाच्या पातेल्याला म्हणाले. बरोबर तीच पट्टी वाजली.

शेवटी साहेबांचा आवाज आला, "लच्छू, बैल सोड."

मास्तर कप घेऊन बाहेर आले.

"हिला शिकवायला किती दिवस लागले मास्तर?"

मास्तरांचे कान तापले.

"हुशार हायत जी आमचे मास्तर," सुकरीच बोलली. ती अजून स्टुलावरच होती.

"साखर किती घालू?" मास्तरांनी विचारलं. साहेबांना नव्हे.