काळ्या कफनीवरचे सासरे

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत एक बाई आपल्या दिवंगत काकांना हात जोडत होती आणि काका काळेबाबांच्या पोटावर दिसत होते.

"आला! आला हो तुमचा माणूस!" काळेबाबा ओरडले. वहीच्या पानाएवढी, जवळजवळ कोरीच वाटावी अशी फिल्म त्यांनी आपल्या काळ्या कफनीसमोर धरली होती. "मागच्यांनी खाली बसा, आत्म्याला गर्दी सोसत नाही. दिवा डावीकडून धरा! आत्मा तिरक्या उजेडातच उतरतो. आणि पांढऱ्या कपड्यातल्यांनी लांब व्हा, पांढऱ्याचे त्याला चटके बसतात."

मेलेल्या माणसाला चटके! पण पांढरे सदरेवाले लगबगीने मागे सरकले.

फोटोवाली सून दारात उभी राहून दातओठ खात होती. एरवी ती पोट धरून हसली असती, पण पुढच्याच खुर्चीत तिची सासू बसली होती. सासूबाईंचा एक डोळा गेलेला आणि दुसऱ्याचं ऑपरेशन उद्या सकाळी ठरलेलं. आणखी लांबवलंत तर हाही हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढ्यात मागच्या आठवड्यात कफनीवर सासरे प्रकट झाले आणि बाबांच्या तोंडून म्हणाले, "डोळ्याला हत्यार लावायचं नाही." झालं! सासूबाई हटून बसल्या.

"अहो आई, मामंजी तर तुम्हाला विचारल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत!" सुनेने समजावून पाहिलं होतं.

"तेच ना. पहिल्यांदाच काही सांगितलंय त्यांनी. मोडू कसं?"

त्या फिल्म सुनेच्या ओळखीच्या होत्या. सासऱ्यांचा मोठा लाकडी कॅमेरा आता तीच चालवत होती. सासरे उजेडाच्या बाबतीत महाकंजूष. दिवे तापले की गिऱ्हाईक घामाघूम होतं, म्हणून एकाच दिव्यावर भागवायचे. फिल्मवर पुरेसा उजेडच पडायचा नाही. मग डेव्हलपरच्या रसायनात जास्त वेळ ठेवून बघायचे, तरी चेहरा पुसटच. छापण्याजोगा नाही म्हणून तो माल पेट्यांत पडून राहायचा. त्यात अर्ध्या गावाचे चेहरे होते, कॅमेरा तपासताना काढलेला त्यांचा स्वतःचाही. त्यांच्या मागे घर आवरताना पेट्या भंगारात गेल्या, आणि भंगारातून कुठे गेल्या ते आता कळत होतं.

म्हणून कालच ती बाबांकडे जाऊन आली होती. "महाराज, घरात लावायला आपला एक फोटो हवा."

बाबांना फोटोची भारी हौस. काळीभोर दाढी विंचरून बसले. सुनेने मुद्दाम एकाच दिव्यावर फोटो घेतला, डार्करूममध्ये फिल्म ट्रेमध्ये हलवत राहिली आणि पुसट चेहरा उमटताच बाहेर काढली. फोटो बिघडला म्हणून तिला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला.

आता ती तडक मंचावर चढली. "मलाही एक आत्मा सापडलाय!" कॅमेऱ्याचं काळं कापड तिने अंगाभोवती गुंडाळलं, फिल्म समोर धरली आणि दिवा डावीकडे घेतला.

लोक पुढे वाकले आणि एकच हंबरडा फुटला. "बाबा गेले हो!"

"अरे, मी इथे आहे!" बाबा किंचाळले.

"केवढी माया! गेले तरी बोलतायत," मंचाजवळ बसलेले गावचे शिंपीकाका डोळे पुसत म्हणाले.

"जिवंत आहे मी! चिमटा काढून बघा!"

शिंपीकाकांनी काढला, चांगला पीळ देऊन. बाबा कळवळले.

"मग फिल्मवर कसे आलात? मेल्याशिवाय कोणी येत नाही, तुम्हीच म्हणालात," शिंपीकाका म्हणाले.

"अहो, तो नुसता फोटो आहे!"

पुढच्या रांगेतल्या बाईने जोडलेले हात सोडले.

"मग माझे काका?" तिने विचारलं.

सुनेने फिल्ममागे पांढरा कागद धरला. बाबांचे गाल काळे झाले, दाढी पांढरी झाली. "उजेड पडतो तिथे फिल्मवर चांदीचा थर धरतो. उजेड कमी, तर थर पातळ. काळ्या कापडापुढे, बाजूच्या उजेडात हा पातळ थर फिकट दिसतो आणि मोकळ्या जागेतून मागचं काळं दिसतं. उलटा चेहरा सुलटा वाटतो, एवढंच. फिल्म बोलत नाही, धरणारा बोलतो. आपलं माणूस दिसलं की डोळे भरतात, त्यात लाजायचं काही नाही. पण त्याच्या तोंडी शब्द कोण घालतंय ते बघा. प्रश्न विचारा, पांढऱ्यावर दाखव म्हणा. खरं असेल ते प्रश्नाने मोडत नाही."

सासूबाई उठल्या आणि चाचपडत पुढे आल्या. "म्हणजे हे काही बोललेच नाहीत?"

"नाही, आई."

"आठवडाभर वाटत होतं, आहेत इथेच." सुनेने बाबांच्या पेटीतून सासऱ्यांची फिल्म शोधून त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी ती डोळ्याजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"मला तेव्हाही दिसले नव्हते गं," त्या म्हणाल्या. "लोक म्हणाले तेच आहेत, मी मान डोलावली. उद्या डॉक्टरांकडे लवकर नेशील मला? मला ह्यांना बघायचंय."