चुकीवरचं अक्षर

मास्तरांनी खिशातून निळा खडू काढला, टेबलावरच्या रिपोर्टवर टेकवला आणि विचारलं,

"इथे चुकलंय ना? मग कापलं कोणी?"

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी रिपोर्ट हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

मास्तर म्हणजे शिंप्याच्या दुकानातले कटिंग मास्तर. शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच तुटला होता, आणि तोही शाळेच्या पुढाकाराने. आज त्यांच्या एका बाजूला मुलगा बसला होता, दुसऱ्या बाजूला सून. सुनेच्या मांडीवर चार वर्षांचा नातू भुंगा, डाव्या हाताला प्लास्टर. दोन वर्षांतलं हे तिसरं. पहिल्यांदा तो पलंगावरून पडला, दुसऱ्यांदा पायरीवरून. तिसऱ्यांदा पडलाच नाही. दूध नको म्हणून नुसता हात झटकला होता.

"हाडं घडवणारं एक जनुक आहे, त्यातलं एक अक्षर बदललंय," बाई म्हणाल्या. "याला उत्परिवर्तन म्हणतात. कधी अक्षर बदलतं, कधी गळतं, कधी जास्तीचं घुसतं. कधी तर आख्खा तुकडाच उलटा लागतो."

"उलटी बाही," मास्तर म्हणाले. इथपर्यंत त्यांना सगळं समजलं होतं.

"आईवडील दोघांचं रक्त तपासलं. दोघांतही हा बदल सापडला नाही. तो भुंग्यात नव्यानेच झालाय."

"म्हणजे आमच्या बाजूचा नाही?"

"नाही."

"हिच्या माहेरचाही नाही?"

"नाही. कोणाचीच चूक नाही, आजोबा. किरणांमुळे, तंबाखूमुळे, काही रसायनांमुळे असे बदल होऊ शकतात. पण पुष्कळदा नुसती नक्कल उतरवतानाच होतात. अब्जावधी अक्षरं, एखादं निसटतं. तुमच्यामाझ्यातही असे पन्नास-साठ नवे बदल असतील. बहुतेकांचा कधी पत्ताही लागत नाही."

मास्तरांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. पन्नास-साठ! आणि त्याच हातांनी ते चाळीस वर्षं लोकांच्या खांद्यांतले दोष काढत आले होते.

नक्कल उतरवताना चूक होते, हे मात्र त्यांना पटलं. दुकानात शर्टाचा पुठ्ठ्याचा फर्मा होता. फर्मा झिजला की कारागीर त्यावरूनच नवा कापत, खडूची रेघ बाहेरून मारून. दर फर्म्याला रेघेएवढा फरक. काही वर्षांत अडतीसचा शर्ट चाळीसचा झाला. तक्रार कोणीच केली नाही. गिऱ्हाइकं आपण बारीक झालो म्हणून खूश होती.

पण त्या चुकीलाही शेवटी मालक सापडला होता. दुकानाचा नियमच होता: कापड बिघडलं की ज्याने बिघडवलं त्याने त्यावर खडूने आपल्या नावाचं पहिलं अक्षर घालायचं, मगच पुढचं थान उलगडायचं. कोणीच कबूल झालं नाही तर सगळे कात्र्या खाली ठेवून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचे. असं फार वेळ चाललं की मास्तर उठून गुपचूप स्वतःचंच अक्षर घालत आणि काम सुरू होई. चूक त्यांची नसते, हे दुकानात कोणाला ठाऊक नव्हतं. घरी बायकोला तेवढं ठाऊक होतं, आणि तिने त्यांना वेळोवेळी वेड्यात काढलं होतं.

दवाखान्याच्या दारातून मुलगा परस्पर कामावर गेला. बसस्टॉपवर सून म्हणाली,

"बाबा, घरी गेल्यावर आईंनी पुन्हा माझ्या मामाचं काढलं ना, तर मी उद्या भुंग्याला घेऊन माहेरी जाते. बॅग भरलेली आहे. धमकी देत नाही, सांगून ठेवते."

मामा काठी टेकत चालत असे. त्याला ट्रकने उडवलं होतं. पण मास्तरांच्या बायकोच्या मते, मुळात दणकट असलेल्या माणसाला ट्रक उडवत नाही.

"आज नाही काढणार," मास्तर म्हणाले. "आज कागद आहे आपल्याकडे."

बायको दारातच मटार सोलत बसली होती. दवाखान्यात यायला तिने साफ नकार दिला होता.

"कोणाचं निघालं?"

"कोणाचंच नाही," मास्तर म्हणाले. "नक्कल उतरवताना अक्षर निसटलं."

"कोणाचंच नाही म्हणजे? पोरगं काय आभाळातून पडलंय?"

"अगं, आपल्या सगळ्यांत पन्नास-साठ..."

"तुमच्यात असतील. आमच्याकडे सगळे दणकट. ज्यांच्या घरात काठ्या लागतात त्यांना विचारा."

सून आत गेली. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. भुंग्याने विचारलं, "आई, कुठे जायचं?"

मास्तर उभेच होते. खरी गोष्ट सांगून झाली होती. तिचा उपयोग किती झाला तेही दिसलं होतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"माझं निघालं," ते म्हणाले.

आतला आवाज थांबला.

बायकोच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. "तुमचं?"

"माझं."

"नक्की? माझं नाही ना?"

"तुझं कुठून येणार? तुमच्याकडे तर सगळे दणकट."

यावर ती भांडेल म्हणून मास्तर थांबले. ती भांडली नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मटाराचे दाणे मांडीवरून घरंगळत पार उंबऱ्यापर्यंत गेले.

"धाकटीचा हात लहानपणी दोनदा मोडला होता," ती म्हणाली. "आपलं लग्न ठरताना सांगितलं नाही तुम्हाला. आई म्हणाली, विचारलं तर सांगू. तुम्ही विचारलंच नाही. भुंग्याचा हात पहिल्यांदा मोडला, तेव्हापासून झोप नाही हो मला. वाटायचं, माझंच."

मास्तर गोंधळले. धाकटी म्हणजे त्यांची मेहुणी. गेल्याच महिन्यात तिने एकटीने कपाट जिन्यावरून वर नेलं होतं, आणि मास्तर खाली उभे राहून सूचना देत होते.

"ती झाडांवर चढायची ना?"

"चढायची. पडायचीही."

आता खरं पुन्हा सांगावं, की आहे तेच राहू द्यावं? त्यांनी दाराकडे पाहिलं. बॅग हातात धरून सून उभी होती. खोटं तिने ऐकलं होतं, खरं तिला माहीत होतं. तिने बॅग खाली ठेवली. सोडली मात्र नाही.

मास्तरांना दुसरं काही सुचेना, तेव्हा हातांनी सवयीचं काम केलं. त्यांनी भुंग्याला जवळ घेतलं, निळा खडू काढला आणि प्लास्टरवर मनगटापाशी आपलं अक्षर घातलं. अगदी दुकानात घालत तसं, गुपचूप.

"हे काय?" भुंग्याने विचारलं.

"माझं अक्षर."

बायकोने डोळे पुसून ते पाहिलं. आधी अक्षर पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, बराच वेळ. मालक नसलेल्या चुकीवर मास्तर आपलं अक्षर घालतात, हे ती चाळीस वर्षं ऐकत आली होती.

"वेडे ते वेडेच राहिलात," ती म्हणाली. मग मटाराची टोपली बाजूला सारून सरकत पुढे आली. "खडू द्या इकडे."

तिला लिहायची सवय नव्हती. तिचं अक्षर मास्तरांच्या अक्षराला टेकून, जरा तिरकं उमटलं.

भुंग्याने दोन्ही अक्षरं निरखली. मग हात जपून उलटा केला आणि दाराकडे धरला.

"आई, या बाजूला अजून सगळं रिकामं आहे."