हौद्यातली लाट

एमिल स्कालाचा जुना पिकअप लेनर्डच्या शेडमध्ये आला तेव्हा त्याच्या मागच्या लोखंडी हौद्याची पार चाळण झाली होती. गाडी एकोणीसशे एकोणपन्नासची. एमिलच्या बापानं तिच्यातून डुकरं बाजारात नेली, मका नेला, आणि दर हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठानं तिला खालून खाल्लं. शेवटी बापही तिच्यातूनच गेला. नेब्रास्कातल्या त्यांच्या गावात जुन्या चेक घराण्यांची तशी रीतच होती. जन्मभर शेती केलेल्या माणसाची शवपेटी काळ्या चकचकीत गाडीतून न्यायची नाही, त्याच्याच पिकअपच्या हौद्यातून न्यायची.

एमिलला डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती.

"हौदा तेवढा धड कर, लेन," तो म्हणाला. "नाहीतर चर्चमधून निघेन आणि रेल्वे फाटकावर बुडातून खाली पडेन. ॲडलीनला मागं येऊन गोळा करावं लागेल मला."

"पडलास तर उठून चालत येशील तू," लेनर्ड म्हणाला. "मयतानंतर बिअर फुकट असते ना."

दोघंही हसले. शाळेपासूनची दोस्ती. एमिलनं शेती केली, लेनर्डनं गावातल्या सगळ्या गाड्यांचे पोचे काढले. म्हातारपणी एमिल गावात राहायला आला तो नेमका लेनर्डच्या शेडसमोर. आता खाटेवर पडल्या पडल्या त्याला खिडकीतून शेडचं दार दिसायचं.

लेनर्डनं काम मन लावून केलं. गंजलेला पत्रा कापून काढला, नवा वेल्ड केला, बाजूचे पोचे आतून ठोकळा धरून बाहेरून हळूहळू ठोकत सपाट केले. मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्या नव्यानं बसवल्या. उन्हाळा चढला तेव्हा प्रायमरसुद्धा मारून झाला होता. उरला होता फक्त रंग.

एका संध्याकाळी तो एमिलकडे गेला. एमिल आणखी वाळला होता, उशीत डोकं बुडालेलं. "झाला?" त्यानं विचारलं. लेनर्डच्या तोंडातून "झाला" बाहेर पडेना.

"डाव्या बाजूला पत्र्यात लाट राहिलीय जरा," तो म्हणाला. "उजेड पडला की दिसते."

एमिलचा चेहरा उजळला. "मग मला अजून जाता येणार नाही म्हण की!"

ही थट्टा होती. पण लेनर्डनं ती धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं मारलेला सुरेख प्रायमर पॉलिश पेपरनं घासून काढला. मग पुट्टी पसंत पडेना. मग बिजागऱ्या कुरकुरायला लागल्या, निदान तो एमिलला तसं सांगायचा. एकदा तर काही म्हणता काही खोट सापडेना, तेव्हा त्यानं हातोडी उचलली आणि आरशासारख्या सपाट पत्र्यावर घातली. पोचा पडला. लेनर्ड त्याच्याकडे बघत उभा राहिला. आयुष्यभर लोकांचे पोचे काढले आणि आता हे! त्याला स्वतःची लाज वाटली. तरी त्या संध्याकाळी एमिलला "अजून थोडं आहे" असं सांगताना बरंही वाटलं.

उन्हाळा सरला, मका वाळून पिवळा पडला. एमिल होताच. डॉक्टरही चकित झाले म्हणे.

एक दिवस दुपारी एमिलची बायको ॲडलीन शेडमध्ये आली. हातात खसखस भरलेल्या कोलाच्यांची, म्हणजे चेक गोड पावांची, परात, वर फडकं. परात बाकावर ठेवून ती हौद्याजवळ गेली. तो पोचा अजून तसाच होता, त्यावर तिनं बोट ठेवलं.

"हा कसा पडला रे?"

लेनर्डनं हातातली हातोडी बाकाखाली सरकवली.

"रात्ररात्र विव्हळतो तो," ती म्हणाली. "औषध पुरत नाही. फादरना म्हणाला, लेनचा हौदा झाला की मी मोकळा. रोज सकाळी मला खिडकी उघडायला लावतो, थंडी असली तरी. तुझं काम ऐकायला." तिचा आवाज फाटला. "माझाच नवरा आहे, लेन. मला हवाय तो. पण असा नको रे. संपव हे."

ती निघून गेली. कोलाचे बाकावर तसेच राहिले. लेनर्ड उलट्या बादलीवर बसला आणि रडला. दोस्ताला धरून ठेवतोय असं समजत होता, आणि ठेवलं होतं त्याला वेदनेत टांगून. मग उठला, ठोकळा घेतला आणि पोचा काढायला लागला. आता घाई होती. तशात जमलं तेवढं जमलं. आठवडा संपायच्या आत गाडीवर एमिलच्या बापाच्या वेळचा गडद हिरवा रंग चढला.

त्यानं पिकअप एमिलच्या अंगणात आणून उभा केला. ॲडलीननं एमिलला चाकाच्या खुर्चीत बसवून, गोधडीत गुंडाळून बाहेर आणलं. एमिलनं हौद्याच्या कडेवरून हात फिरवला. काडीसारखी बोटं, पण सावकाश, सगळीकडून. एका जागी थांबली.

"इथं लाट आहे जरा."

"रंग काढून परत करू?" लेनर्डच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

ॲडलीननं मान फिरवली.

"नको," एमिल म्हणाला. "आता पुरे, लेन." थोडा दम घेतला. "ठोकळा धरून ठोकलं की टण्ण वाजतं. नुसतं ठोकलं की धप्प. इतकी वर्षं तुझ्या शेडमध्ये बसून बिअर प्यायलोय, एवढं कळतं मला. त्या दिवशी धप्प वाजलं."

लेनर्डचा चेहरा उतरला. "मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"मलाही मक्याची कापणी बघायची होती." एमिल हसला, मग हसू गेलं. "पुढं पुढं शिव्या घातल्या तुला. मोठमोठ्यानं. ही साक्षीला आहे."

"चुकलं माझं, एमिल."

"चुकलंच," एमिल म्हणाला आणि हात त्या लाटेवर तसाच ठेवून बसून राहिला.

तो रविवारी गेला.

चर्चपासून दफनभूमीपर्यंत गाडी लेनर्डनंच चालवली, माणसाच्या चालीनं. मागून सगळं गाव चालत होतं. रेल्वे फाटकावर रूळ आले तेव्हा त्यानं श्वास रोखला. पेटी जागची हलली नाही, पत्रा साधा कुरकुरलाही नाही.

माती देऊन झाल्यावर लोक पिकअपभोवती जमले. एमिलच्या पुतण्यानं हौद्यावरून हात फिरवला. "काय काम केलंयस, लेनर्ड! एक लाट नाही कुठं."

"आहे," लेनर्ड म्हणाला.

"कुठं?"

लेनर्डनं तिथं तळहात ठेवला होता. तो त्यानं उचलला नाही.