तिसरा अर्थ

इराईदा पाव्लोव्हनाने बोट ओलं करून शब्दकोशाचं पान उलटलं आणि तो चार अक्षरी इंग्रजी शब्द शोधून काढला. उच्चार ‘कल’. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवूनही तो तिच्या वाट्याला कधी आला नव्हता. समोर रशियनमध्ये तीन अर्थ दिले होते. पहिला, फुलं खुडणे. दुसरा, उत्तम ते निवडणे. तिसरा, कळपातलं निरुपयोगी जनावर वेगळं काढून मारणे.

तिने तिसऱ्या अर्थाखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

इंग्लंडहून आलेला तज्ज्ञ गोठे तपासून गेला होता. धारा काढणाऱ्या ग्लाफिराकडच्या गाईंपैकी एकीच्याच, कलिनाच्या, नावापुढे त्याने यादीत हा शब्द लिहिला होता. फार्मचा संचालक तिमोफेइच याने तो कागद इराईदाकडे दिला. म्हणाला, ग्लाफिराला नीट समजावून सांगा, तिचा जीव आहे त्या गाईवर. घरी न्यायची असेल तर शुक्रवारच्या आत मांसाच्या भावात नेऊ दे. शनिवारी कत्तलखान्याचा ट्रक येईल.

मंगळवारी सकाळी इराईदा गोठ्यावर गेली. ग्लाफिरा धार काढत होती. नवीन वर्षाच्या आदल्या दिवशी दुकानाच्या रांगेत याच बाईने सगळ्यांसमोर विचारलं होतं, “एवढं इंग्रजी शिकलात, इराईदा पाव्लोव्हना, पण इंग्रजीतसुद्धा कोणी लग्नाचं विचारलं नाही का हो तुम्हाला?” रांग खो खो हसली होती. पाव विकणारीसुद्धा.

“काय लिहिलंय साहेबाने?” ग्लाफिराने बसल्या जागेवरून विचारलं.

इराईदाने कागदाची घडी घातली.

“निवडली आहे,” ती म्हणाली. “उत्तम म्हणून.”

ग्लाफिराने हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि गाईच्या कपाळावर कपाळ टेकवलं. शुक्रवारबद्दल इराईदा काही बोलली नाही.

त्या आठवड्यात ग्लाफिरा गावभर सांगत फिरली. कलिनाला वोलोग्दा शहरातल्या जनावरांच्या प्रदर्शनात नेणार म्हणाली. शनिवारी तिने गाईला कोमट पाण्याने न्हाऊ घातलं, शेपटीचा गोंडा विंचरला, आणि स्वतः दाव्याला धरून ट्रकच्या फळीवर चढवलं. गाय तिच्या मागून मुकाट गेली. इराईदा शाळेच्या खिडकीतून पाहत होती. मग ती फळ्याकडे वळली आणि मुलांना क्रियापदं म्हणायला लावली.

सोमवारी ड्रायव्हरने ग्लाफिराच्या हातात गाईच्या कानातला बिल्ला दिला.

त्याच संध्याकाळी ती इराईदाच्या दारात उभी राहिली. डोळे कोरडे होते. इराईदाने तिला बसायला सांगितलं, चहाचं पाणी ठेवलं, आणि ग्लाफिरा काही विचारणार त्याआधीच बोलू लागली. इंग्रजी मोठी फसवी भाषा आहे, म्हणाली. एका शब्दाचे दहा अर्थ, भल्याभल्यांची चूक होते. नाहीतर हे बघ, म्हणत तिने शब्दकोश उघडून पुढे सरकवला आणि ‘निवडणे’वर बोट ठेवलं.

ग्लाफिराला इंग्रजी येत नव्हतं. ती फक्त रशियन वाचायची. पण अर्थ रशियनमध्येच छापलेले होते.

तिने इराईदाचं बोट हळूच बाजूला केलं. ओठ हलवत पहिला अर्थ वाचला. मग दुसरा. तिसरा वाचायला तिला फार वेळ लागला. पेन्सिलीच्या रेघेवरून तिने नख फिरवलं.

किटली उकळू लागली. कोणी उठलं नाही.

“मी हसत होते ना,” ग्लाफिरा म्हणाली, “म्हणून ती चढली. रडले असते तर तिने पाऊल उचललं नसतं.”

इराईदाने शब्दकोश मिटायला हात पुढे केला. ग्लाफिराने पानावर तळवा ठेवला.

“तिमोफेइच म्हणतात, शुक्रवारपर्यंत मुदत होती. तुम्हाला सांगितलं होतं म्हणे.”

इराईदाने हात मागे घेतला.

“एक कागद घ्या. तिन्ही अर्थ लिहून द्या. तुमच्या अक्षरात.”

“कशाला, ग्लाशा?”

“लिहा.”

इराईदाने वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. शाळेतल्या फळ्यावरचं तेच गोल, सुंदर अक्षर, गावातल्या प्रत्येक घराच्या ओळखीचं. लिहून झाल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

“सही करा,” ग्लाफिरा म्हणाली. “आणि तारीख घाला. मला ‘उत्तम’ सांगितलंत त्या मंगळवारची.”