दोन घड्यांची टोपी

मी सैनिकाची टोपी बोलतेय. लगेच ताठ उभे राहू नका. पुढे छज्जा असलेल्या त्या रुबाबदार टोप्यांपैकी मी नाही. मी लोकरीची, चपटी, एका कानावर झुकणारी बेरे टोपी. उन्हात सावली देत नाही, पावसात दुप्पट जड होते आणि घालायला दोन्ही हात लागतात. हे शत्रूचं मत नाही हो, मला घालणाऱ्यांचंच आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मला धड आकारही नव्हता. आमच्यात रीत अशी, की नव्या जवानाने टोपी गरम पाण्यात भिजवायची, ओलीच डोक्यावर ओढायची आणि वाळेपर्यंत काढायची नाही. मग ती त्याच डोक्याची होऊन जाते. माझ्या वाट्याला आलेला जवान एकोणीस वर्षांचा, मोठ्या कानांचा. बिल्ला डाव्या डोळ्यावर, उतार उजव्या कानाकडे, एवढा साधा नियम. पण या पठ्ठ्याने समोरच्या खाटेवरच्या जोडीदाराकडे बघून मला ओढलं आणि अख्खी दुपार तसाच बसून राहिला. अर्थातच आरशातल्यासारखं सगळं उलटं झालं.

दुसऱ्या दिवशी कवायत मास्तरांनी रांग थांबवली.

"हे काय घातलंयस रे?"

"टोपी, सर."

"मला वाटलं, पातेल्याचं झाकण उडून बसलंय. जा, भिजव परत!"

परत भिजवली. नवी घडी पडली, पण जुनी काही गेली नाही. तेव्हापासून माझ्या अंगावर दोन घड्या आहेत, एक नियमाची आणि एक चुकीची.

पुढची चोवीस वर्षं त्याने मला घातलं आणि शिव्याही घातल्या. मलाच घेऊन बूट पुसले, चहाचा तापलेला मग धरला, एकदा तर माझ्यात अंडी भरून आणली. बदलून घ्यायची वेळ आली की मात्र म्हणायचा, "कोण परत भिजवत बसणार?"

मग हुकूम निघाला. बेरे बंद, छज्जावाली टोपी सुरू. जुन्या टोप्या भांडारात जमा करायच्या. त्या फाडून गाड्या पुसायची फडकी होणार. पलटणीत आनंदीआनंद! "सुटलो एकदाचा!" असं सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडला.

भांडारवाल्याने विचारलं, "तुमची टोपी, साहेब?"

"हरवली."

"सकाळी तर डोक्यावर होती."

"सकाळनंतर हरवली."

मी तेव्हा त्याच्या शर्टाच्या आत, पोटाशी दडले होते. भांडारवाल्याने त्या उंचवट्याकडे नीट पाहिलं. "जेवण जरा कमी करा, साहेब," म्हणाला आणि वहीत 'हरवली' असं लिहून मोकळा झाला.

आता तो निवृत्त आहे आणि मी दाराच्या खुंटीवर. परवा त्याची बायको म्हणाली, "एवढा जीव खाल्ला हिने तुमचा, मग आणलीत कशाला?"

"तिथे दुसऱ्या कोणाला बसली नसती."

"बसायची कुठे होती? फाडणार होते ना तिला?"

तो मला डोक्यावर ओढून भर उन्हात झाडांना पाणी घालायला गेला, डोळे किलकिले करत, मला शिव्या देत.

तिने मला धुवायचं मनावर घेतलंय. वहिनी, एकच विनंती. धुवा, पण गार पाण्यात. गरम पाण्यातून ती जुनी घडी एकदा वाचली, पण आता या वयात घड्या मोडतील. नियमाची मोडली तर माझी हरकत नाही, तशी घडी प्रत्येक टोपीला असते. चुकीची तेवढी राहू द्या. ती त्याची आहे.